बाबा, त्या छावणीचं एकदा सांगाल का?

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच "आईशी बोल" म्हणतात, म्हणून कागदावर लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तूही वाच.

यंदा कॉलेजात मी युद्धगुन्ह्यांचा कायदा शिकवतेय. गेल्या आठवड्यात रवांडाचा अकायेसू खटला घेतला, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेला. हा अकायेसू ताबा नावाच्या भागाचा प्रमुख होता. १९९४ मध्ये तुत्सी जमातीची कत्तल झाली, तेव्हा जीव वाचवायला तुत्सी बायका त्याच्या कचेरीच्या आवारात आल्या आणि तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले. तरी आरोपपत्रात सुरुवातीला बलात्काराचं एकही कलम नव्हतं. १९९७ च्या जानेवारीत एक आई साक्ष द्यायला उभी राहिली आणि बोलता बोलता तिने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय गुदरलं ते सांगितलं. खंडपीठावर एकच बाई होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्ले. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा पुढच्या साक्षीदार बायकाही बोलल्या. जूनमध्ये आरोपपत्रात कलमं वाढवली गेली. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला की बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरू शकतो. असं म्हणणारं हे जगातलं पहिलं न्यायालय.

तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आवारात हे बघणारी इतर माणसं पण असतील ना? ती का नाही बोलली?" त्यावर वर्गात मला धड उत्तर देता आलं नाही. अंधेरीपर्यंत लोकलमध्ये उभी होते आणि सगळा वेळ बाबा डोळ्यांसमोर होते.

बाबा, आईवर रागावू नका. मी बारावीत असताना मेथी निवडता निवडता तिने मला सांगितलं होतं, की एकाहत्तरच्या लढाईहून तुम्ही आलात ते कितीतरी दिवस अंगावर पांघरूण घेत नव्हता. तिने फारच विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "एका छावणीत बायका होत्या. आम्ही आमची ब्लँकेटं त्यांना दिली." त्यापुढे एक अक्षर नाही. दिवाळीत टीव्हीवर सुदानच्या बायकांची बातमी लागली तेव्हा तुम्ही उठून अंगणात गेलात, तेही मी पाहिलंय.

त्या बायकांचं पुढे काय झालं ते तुम्हाला कुणी कळवलं नसेल. किती जणींवर अत्याचार झाले याचे अंदाज दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत जातात. शेख मुजीबांनी त्यांना बिरांगना, म्हणजे वीरांगना, म्हणून गौरवलं, पण कितीतरी जणींना घरच्यांनीच दारात उभं केलं नाही. शरण आलेल्या ९३ हजार पाकिस्तान्यांपैकी १९५ जणांवर खटले भरायचं बांगलादेशने १९७३ मध्ये जाहीर केलं, त्या आरोपांत बलात्कारही होता. १९७४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ते १९५ जणही मायदेशी परतले. त्यांच्यापैकी एकावरही खटला उभा राहिला नाही. करारामागे राजकारणाची कारणं होती हे मला कळतं, पण राग काही जात नाही.

यात सांगायचा सगळा भार त्या बायकांवरच पडतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने सैनिकांसाठी डांबून ठेवलेल्या कोरियाच्या किम हाक-सून १९९१ मध्ये सगळ्या जगासमोर बोलल्या, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. त्यानंतर एका जपानी प्राध्यापकाने लष्कराच्याच दप्तरातून कागद शोधून काढले. कागद इतकी वर्षं तिथेच होते! इराकमध्ये आयसिसने गुलाम केलेल्या यझिदी समाजाच्या नादिया मुराद यांना २०१८ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, पण त्याआधी देशोदेशी जाऊन किती वेळा तेच सांगावं लागलं असेल त्यांना. पीडित बाईला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नये, म्हणून २०२२ मध्ये त्यांच्या नावाने एक आचारसंहिताच तयार झाली. सुरक्षा परिषदेचे ठराव २००० पासून एकामागून एक येताहेत. २००८ च्या ठरावाने तर युद्धातला बलात्कार हा युद्धगुन्हा ठरू शकतो असं स्वच्छ म्हटलं. आणि तरी सुदानमध्ये ते चालूच आहे. ठराव हवेच आहेत, पण ठराव कोर्टात साक्ष देत नाही. साक्ष माणसं देतात, आणि पुरुष मात्र सहसा गप्प राहतात.

म्हणून हे मागणं. मला त्या बायकांची नावं नकोत, त्यांचे चेहरे कसे होते तेही नको. ती छावणी कुठल्या गावाजवळ होती, दाराला कुलूप बाहेरून होतं का, पहारा कुणाचा होता, तुमच्या साहेबांनी काही लिहून घेतलं का, त्यांना पुढे कुठे नेलं, एवढंच विचारीन. तुम्ही हो म्हणालात तरच रेकॉर्ड करीन. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू.

शनिवारी एसटीने साताऱ्याला येतेय. गुडघ्याचं तेल आणि आईच्या बीपीच्या गोळ्या दादरहून घेतल्या आहेत. नको म्हणालात तर हा विषय पुन्हा काढणार नाही, शब्द देते. पण बोलायला बसलात तर आईला चहाच्या निमित्ताने आत पाठवू नका. लग्न झाल्यापासून तिलाही हे ऐकायचंय.

तुमची,
सुमन