चेंडूवरून नजर काढायला शिकवणाऱ्या कोचना

आदरणीय कोच,

पिट्सबर्गच्या आमच्या गल्लीत सगळेच आपल्याला ‘कोच’ म्हणतात, म्हणून मीही तेच संबोधन वापरतो. आपल्याला मराठी येत नाही. पत्रातला मजकूर माझी मुलगी आपल्याला इंग्रजीतून सांगेल. तरीही आभार ज्या भाषेत मनात आले त्याच भाषेत मांडावेत, आणि अमेरिकेत राहूनही इथल्या अमेरिकन फुटबॉलला निव्वळ धक्काबुक्की समजणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसांच्या वाचनात ते यावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

अनेक वर्षे मी टीव्हीवर केवळ चेंडू पाहत होतो. “चेंडू सोडा, आधी सेफ्टी मोजा,” असे आपण म्हणालात. आणि बचावाच्या सर्वांत मागे, खोलवर उभे असलेले हे सेफ्टी नावाचे खेळाडू टीव्हीच्या चौकटीत बहुधा मावतच नाहीत, म्हणून शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्याला नेऊन आपण मला गोलखांबांच्या मागच्या बाजूला बसवलेत. खोलवर दोघे असतील तर मैदानाचा मधला भाग उघडा; एकच जण मध्यभागी असेल तर तो बंद, आणि मग बचावाची मांडणी बहुधा कव्हर वन (खोलवर तो एकटाच) किंवा कव्हर थ्री (बाजूचे दोघेही मागे हटून खोलवर तिघे). स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्यापूर्वी, एखादा रिसीव्हर (पास झेलणारा) आडवा पळाला आणि एक बचावपटू त्याच्या पाठोपाठ मैदान ओलांडून गेला, तर बचाव बहुतेक ‘मॅन’ (प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा) असतो. बाकीचे नुसतेच थोडे सरकले, तर ‘झोन’ (प्रत्येकाने आपापली जागा राखायची).

खरा धडा मात्र आमच्या कॅरमच्या सोंगट्यांवर झाला. दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळाडू आणि सोंगट्या एकोणीसच, अशी माझी अडचण आपण लगेच मोडीत काढलीत: पास समजायला झेलणाऱ्यांच्या पाच पांढऱ्या, बचावाच्या सात काळ्या आणि पास फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून राणी एवढे पुरते, रेटारेटी करणाऱ्यांना डब्यातच राहू द्या. कव्हर थ्रीमध्ये तिघे खोल आणि चौघे त्यांच्या पुढे. बाहेरचा रिसीव्हर बारा यार्ड जाऊन मागे वळतो, दुसरा जवळूनच बाजूच्या रेषेकडे निघतो आणि दोघांच्या मध्ये एकच काळी सोंगटी अडकते. ती बाहेर धावली तर चेंडू वळलेल्याकडे जातो, जागीच थांबली तर रेषेकडच्याकडे. क्वार्टरबॅक अकरा जणांना न्याहाळत बसत नाही, तो एकाच बचावपटूला पेचात टाकून त्याचे उत्तर पाहतो, हे मला त्या संध्याकाळी प्रथम कळले. (आमच्या कबड्डीतही चढाई करणारा कोपरारक्षकाचे पाय असेच वाचतो. हे मी सांगितल्यावर आपण मला अंगणात दम घुमवायला लावलेत, त्याबद्दल मात्र आभार मानणार नाही.)

बचावही फसवतो, हे आपण सर्वांत सावकाश शिकवलेत. स्नॅपपूर्वी खोलवर दोघे दिसतात. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येताच एक पुढे उतरतो, दुसरा मधोमध सरकतो, आणि आधीचे वाचन निरुपयोगी ठरते. म्हणून मागे पावले टाकतानाच पुन्हा पाहायचे, तेही जेमतेम तीन सेकंदांत. उलट क्वार्टरबॅकही उजवीकडे डोळे रोखून मधल्या सेफ्टीला तिकडे झुकवतो आणि पास डावीकडे टाकतो.

१ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलबद्दल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल, मी आपल्याशी वाद घातला होता. सीहॉक्स पेट्रियट्सविरुद्ध २४-२८ ने मागे, गोलरेषा एका यार्डावर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याचा पास पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने पळवला. चेंडू घेऊन धावणाऱ्या लिंचच्या हाती तो का दिला नाही, एवढाच माझा हेका होता. आपण तोच क्षण पुन्हा पुन्हा लावून पुढे उभ्या असलेल्या ब्राउनरकडे, बटलरच्या साथीदाराकडे, बोट दाखवलेत. त्याने समोरच्या रिसीव्हरला जागीच रोखले, त्यामुळे बटलरची वाट मोकळी राहिली. आणि सरावात याच चालीवर फसलेल्या बटलरने ती या वेळी ओळखली. विल्सन बचाव वाचत होता, तसाच बचावही त्याला वाचत होता. तो निर्णय मला आजही पटत नाही, पण बटलरचे पहिले पाऊल मी आता चेंडू सुटण्याआधी पाहतो.

आपण कधी मोबदला घेतला नाहीत आणि माझ्या बाळबोध प्रश्नांना हसलाही नाहीत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. एक विनंती: सोंगट्या अजून आपल्याच घरी आहेत. बाकीच्या राहू द्याव्यात, पण राणी तेवढी परत पाठवावी. मुलगी रविवारपासून तिची वाट पाहत आहे.

आपला कृतज्ञ,
पलीकडच्या घरातला शेजारी