आधी ब्लँक: आमच्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

जैविक पृष्ठभागांवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ घडतो कसा, हे तुम्ही लँगम्यूर ट्रफपाशी (पाण्यावर रेणूंचा एकेरी थर पसरून तो मोजायचा उथळ हौद) उभं राहून शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

लिपिडला (पेशीपटलातल्या मेदरेणूंना) हात लावण्याआधी ब्लँक, म्हणजे नुसत्या पाण्याची चाचणी, हा तुमचा नियम. टेफ्लॉनचा ट्रफ क्लोरोफॉर्मने पुसायचा, १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचं अतिशुद्ध पाणी भरायचं, बॅरिअर (पृष्ठभाग दाबणाऱ्या सरकत्या पट्ट्या) पूर्ण जवळ आणायचे. पृष्ठदाब, म्हणजे पृष्ठताणातली घट, ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वर गेला, तर बॅरिअरमधलं वरवरचं पाणी सक्शनने ओढून पुन्हा पहिल्यापासून. बोटाचा तेलकटपणाही आकडा बिघडवायला पुरतो. लिपिडच्या द्रावणाला सिरिंज काचेचीच, कारण क्लोरोफॉर्म प्लास्टिकच्या टिपमधली द्रव्यं सोबत आणतो आणि तीही पाण्यावर पसरतात. थेंब सोडल्यावर १० ते १५ मिनिटं थांबायचं. घाई केली तर उरलेला क्लोरोफॉर्म आलेख बिघडवतो. तापमान लिहिल्याशिवाय आयसोथर्म (पृष्ठदाब आणि रेणूमागच्या जागेचा आलेख) वहीत जात नसे, कारण डीपीपीसी या लिपिडच्या आलेखातला सपाट टप्पा तापमानासोबत वर सरकतो.

आग्नेस पॉकेल्स या जर्मन संशोधिकेचं १८९१ सालचं 'नेचर'मधलं पत्र तुम्ही आवर्जून वाचायला लावलंत. पाण्याचा पृष्ठभाग पट्टीने लोटून स्वच्छ करण्याची युक्ती त्यांनी विद्यापीठाबाहेर, घरीच शोधली होती.

पुढच्या वाटेबद्दलचा तुमचा सल्लाही तितकाच नेमका होता. पीएचडीत हातात बसलेलं तंत्र घेऊन पोस्टडॉकला त्याच तंत्राच्या प्रयोगशाळेत जायचं नाही. रेणू किती दाटीने बसलेत हे ट्रफ सांगतो, पण त्यांच्या शेपट्या कुठे झुकल्यात हे सम-फ्रीक्वेन्सी स्पेक्ट्रोस्कोपी (दोन प्रकाशकिरणांच्या वारंवारतांची बेरीज वापरणारं तंत्र) सांगते, आणि थराची जाडी न्यूट्रॉन परावर्तनातून कळते. दोन्हीकडची भाषा येणाऱ्यालाच नवा प्रश्न सुचतो, असं तुम्ही म्हणायचात आणि ते पटलं.

सगळ्यात मोठे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत 'गाईडपेक्षा तुमचं वेगळं काय?' हे विचारलं जातंच. म्हणून पीएचडीच्या शेवटच्या वर्षी तुम्ही प्रत्येकाला एक विषय सोबत न्यायला दिलात आणि त्यावर स्वतः प्रस्ताव लिहायचं थांबवलंत. असं सगळेच गाईड करत नाहीत. शिफारसपत्रातही नुसती स्तुती नसायची. कोणतं मोजमाप हा विद्यार्थी एकट्याने करू शकतो, हे तुम्ही स्पष्ट लिहायचात. निवड समितीला तेच हवं असतं.

तुमचे विद्यार्थी