वजनाचं इंजेक्शन आणि आतड्याचं दुखणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहाच्या आणि वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांनी आतड्याचा दाहही बरा होईल, ही आपल्या अंकातली बातमी माझ्या मुलाने कापून पाकिटात ठेवली. त्याच संध्याकाळी तो औषधाच्या दुकानात त्यातल्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची किंमतही विचारून आला. म्हणून हे पत्र.

त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार आहे. वय २४, वजन ४६ किलो. दीड वर्ष मूळव्याध म्हणून औषधं चालली. रक्त थांबेचना, तेव्हा नाशिकला दुर्बिणीची तपासणी केली आणि दुखण्याचं नाव कळलं. आजही एसटीने धुळ्याला जायचं तर तो आदल्या रात्रीपासून पोटात काही घेत नाही. थंडीत मळ्यात भरिताची पार्टी असली, की घरीच ताकभात खातो. एवढ्या वयाच्या पोराने!

बातमी खोटी नाही. ही इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात ते जीएलपी-१ हे हार्मोन आपल्या आतड्यातल्याच पेशी तयार करतात, त्यामुळे तसं औषध आतड्याची सूज उतरवेल का, हे शोधायलाच हवं. उंदरांवर फायदा दिसला आहे. हा आजार असून मधुमेहासाठी अशी औषधं घेणाऱ्यांच्या नोंदींतही काही ठिकाणी त्रास कमी दिसला. पण तो औषधानेच कमी झाला, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. टिर्झेपेटाइड हे याच प्रकारचं इंजेक्शन आतड्याच्या दाहावरच्या औषधाच्या जोडीला देऊन चाचण्या हाती घेतल्या आहेत, त्या वजन जास्त असलेल्या रुग्णांवर. हे बातमीत कुठेच नव्हतं. या आजारासाठी या औषधांना अजून मान्यता नाही, हेही नव्हतं.

ही औषधं भूक मारतात. मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. माझ्या मुलाने एक भाकरी जास्त खावी म्हणून मी रोज त्याच्या ताटाशी बसते. त्याची भूक आणखी मेली तर काय उरेल? सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच; त्यानंतर इतर कंपन्याही ते बनवू शकतात. स्वस्त झालेलं इंजेक्शन तालुक्याच्या दुकानात पोचायला वेळ लागत नाही.

आपण पोटविकारतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं आणि पहिल्या बातमीइतक्याच मोठ्या मथळ्याने छापावं, ही कळकळीची विनंती. ते कात्रण अजून त्याच्या पाकिटात आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जाताना आम्ही ते सोबत नेणार आहोत. तोवर या आजारावरच्या मेसालामाइनच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत.

एका रुग्णाची आई,
अमळनेर, जि. जळगाव