बाबा, तुमची दोन शिक्षकी शाळा इथे टेक्सासात भरते

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

(व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय म्हणून मायना गाळला असता तर बाबांनी पहिली लाल रेघ तिथेच मारली असती, म्हणून लिहिला.)

परवा आई बोलता बोलता बोलून गेली की शेजारच्या काकांनी "नातवंडं आता कितवीत?" विचारलं की बाबा लगेच पावसाचा विषय काढतात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले चार महिने मी फोन केला की बाबा "थांब, आईला देतो" एवढंच का म्हणतात. राग नाही आला मला, खरंच. ज्या माणसाने उभी नोकरी पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्या तुडवत पटनोंदणी केली, भातलावणीच्या चिखलातून पोरं उचलून वर्गात आणून बसवली, त्याच्याच मुलीने स्वतःची दोन्ही पोरं शाळेतून काढून घरी बसवली, हे चारचौघांत सांगायचं तरी कसं. पण बाबा, ते "घरी बसवली" तेवढं खरं नाहीये, म्हणून हे लांबलचक पत्र.

शाळा वाईट नव्हती. बाई प्रेमळ होत्या, बस दारात यायची. पण निनाद तिसरीत गेला आणि राज्याच्या परीक्षेची तयारी सुरू झाली, इथे ती तिसरीपासूनच असते, आणि त्याचं रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागलं. दर रविवारी. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. वाचायला तो हळू आहे, तुम्हाला माहितीये, आणि वर्ग पुढे पळायचा नि हा मागे राहून गप्प व्हायचा. घरीसुद्धा बोलेनासा झाला तेव्हा आम्ही दोघं घाबरलो.

कायद्याचं आधी सांगते, कारण "पोलीस येतील का" हे आईने तीनदा विचारलंय. नाही येणार. अमेरिकेत होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, फक्त नियम राज्याराज्यात वेगळे. न्यूयॉर्कमध्ये दर तीन महिन्यांनी रिपोर्ट द्यावा लागतो. टेक्सासात मात्र १९९४ साली इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने घरच्या शाळेला खाजगी शाळाच मानलं, त्यामुळे नोंदणी नाही, तपासणी नाही. अट एवढीच की शिक्षण खरंखुरं हवं, नावापुरतं नको, आणि वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित नि चांगलं नागरिकत्व हे विषय शिकवायचे. आम्ही शाळेला एक पत्र दिलं, संपलं. बाबा, तुम्ही म्हणाल विस्तार अधिकारीच नाही म्हटल्यावर कुणीही काहीही करेल. करतातही काही जण, ते मी नाकारत नाही.

पहिले दोन महिने मी सपशेल नापास झाले. जेवणाच्या टेबलावर शाळा मांडली, भिंतीवर वेळापत्रक, आठला घंटा (फोनवरची), पन्नास मिनिटांचे तास. साडेनऊला निनाद रडायचा, दहाला इरा रडायची, अकराला मी बाथरूममध्ये जाऊन. एकदा त्याची वही मी भिरकावली हेही सांगून टाकते, कारण बाबा तुम्ही कधी कुणाची वही भिरकावली नाहीत. मग हळूहळू लक्षात आलं की घरी शाळेची नक्कल करायचीच नसते. वीस मिनिटांचा एक धडा, मग उठायचं. वाचून दाखवलं की पुस्तक मिटायचं आणि पोराने ते आपल्या शब्दांत सांगायचं, प्रश्नबिश्न काही नाही. इंग्लंडमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी शार्लट मेसन नावाच्या बाई होत्या, त्यांची ही पद्धत म्हणून इथे फार मान आहे. मला आपलं आठवलं की तुम्ही गोष्ट संपली की कोपऱ्यातल्या सगळ्यात लाजऱ्या पोराला उभं करायचात, "सांग बरं काय झालं".

आता मंगळवारचं. इथे को-ऑप म्हणतात, म्हणजे आपली सहकारी सोसायटीच समजा, फक्त दुधाच्या जागी पोरं. आम्ही पाच घरं, अकरा मुलं, वयं पाच ते बारा. पहिल्यांदा एका मोठ्या ग्रुपकडे गेलो होतो पण त्यांच्या फॉर्मवर त्यांच्या धर्मश्रद्धेच्या निवेदनाखाली सही करायची होती, आम्ही कशी करणार, म्हणून परत आलो, आणि मग ज्यांना ज्यांना असं परत यावं लागलं होतं ते आम्ही एकत्र झालो. आम्ही, एक तेलुगू घर, एक मेक्सिकन आजी जी दोन नातवंडांना शिकवते, एक नर्स असलेली अमेरिकन आई, आणि एक बाबा जे रात्रपाळी करून येतात आणि तरी आमच्यापेक्षा फ्रेश असतात. पोरांना सोडून निघून जायचं नाही हा पहिला नियम, प्रत्येकाने एक विषय घ्यायचा नाहीतर डबे नि साफसफाई सांभाळायची. सामानासाठी घरटी साठ डॉलर सहा महिन्यांना. शेंगदाणे बंद, एकाला अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे तुमचे लाडू मी लपून खाते.

सुरुवातीला प्रत्येक घराचं पुस्तक वेगळं होतं आणि नुसता गोंधळ. मंगळवारी एक पोरगं इजिप्तच्या ममीत, दुसरं अमेरिकन क्रांतीत, तिसऱ्याचं अजून काहीच नाही. चर्चा करायची कशावर? मग आम्ही सगळ्यांनी मिळून एकच अभ्यासक्रम घेतला. इतिहास नि विज्ञान सगळ्यांचं एक, भाषा नि गणित ज्याचं त्याचं त्याच्या पायरीप्रमाणे घरी. इतिहासाचे चार भाग, एका वर्षाला एक, चार वर्षांनी परत पहिल्यापासून पण जास्त खोल. एकाच आठवड्यात पाच वर्षांची चित्र रंगवते, नऊ वर्षांचा चार ओळी लिहितो आणि बारा वर्षांची निबंध लिहून लहानांना वाचून दाखवते.

हे सगळं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या नर्सबाई म्हणाल्या की हे आम्हाला नवीन वाटेल, आणि मला बाबा, एकदम तुमची खोलीच दिसली. पहिली-दुसरी खिडकीशी, तिसरी-चौथी भिंतीशी, चौथीची सुमी पहिलीच्यांकडून पाढे म्हणून घेतेय, तुम्ही मधे खडू घेऊन उभे, आणि दुसरे गुरुजी पगाराच्या कामाला तालुक्याला गेलेले. तुम्ही जे नाइलाज म्हणून करत होतात, ते आम्ही इथे पैसे देऊन विकत घेतलेल्या पुस्तकातून शिकतोय.

आई, आता तुझी पाळी. अपूर्णांक माझ्याकडे आलेले. इथली मापं म्हणजे डोकेदुखी, लिटर नाही काही नाही, दोन कपांचा पाइंट, दोन पाइंटचा क्वार्ट, चार क्वार्टचा गॅलन. पोरांच्या लक्षात राहीना. रात्री मी दूध ओतता ओतता पुटपुटले, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. चढण अगदी तीच गं! माप तेवढंच नाही, पण पायऱ्या सारख्या. मंगळवारी दोन शिड्या शेजारी शेजारी काढल्या, गॅलनसमोर पायली, कपासमोर चिपटं, आणि सगळ्या पोरांनी तांदूळ ओतून ओतून फरशीभर सांडले. मेक्सिकन आजीने तिच्याकडची जुनी मापं सांगितली. निनाद, जो वर्गात तोंड उघडायचा नाही, तो चिपट्याच्या निम्मं कोळवं नि कोळव्याच्या निम्मं निळवं हे सगळ्यांना शिकवत होता, "माय आजी सेज" करत. तू सातवीत शाळा सोडलीस म्हणून स्वतःला अडाणी म्हणवून घेतेस ना, ते इथून पुढे माझ्यासमोर म्हणायचं नाही.

भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावलीय, यंदाचा भाग १६०० ते १८५०. पुस्तकात मुघल अर्धं पान, महाराज नाहीतच, म्हणून १६७४ ला राज्याभिषेक इराने स्वतः चिकटवला, सिंहासन गुलाबी आहे ते सोडा. १८४८ ला युरोपात क्रांत्या चालल्या होत्या तो धडा माझ्याकडे होता, त्याच रकान्यात मी भिडेवाड्यातली मुलींची शाळा लावली आणि सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकायचे ते सांगितलं. त्या बारा वर्षांच्या मुलीने विचारलं, शाळेत जायला एवढं भांडावं लागायचं, मग आपण शाळेत का जात नाही? मला उत्तर देता आलं नाही बाबा. अजून नाही आलेलं.

परिसर अभ्यास मात्र मस्त चाललाय. इथे टेक्सासातच ग्लेन रोज नावाच्या गावी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, बुधवारी गेलो, गर्दी नाही, बारा वर्षांपर्यंत तिकीट नाही. एकेका ठशात इरा आख्खी बसली.

सगळं गोड नाहीये. आमच्यातलं सहावं घर मधेच सोडून गेलं, त्यांना वेग कमी वाटला. मला स्वतःचा असा एक तास मिळत नाही, माझ्या एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळतो तो) मला नोकरीची परवानगी नाही त्यामुळे लोक म्हणतात बरं झालं काहीतरी करतेयस, ते ऐकून अंगाला मुंग्या येतात. निनादचं वाचन अजूनही हळूच आहे. पण रविवारचं पोट दुखणं थांबलंय.

आणि दहावीचं काय, हा बाबांचा प्रश्न. इथे बोर्डाची दहावी नसतेच, गुणपत्रक आईबापच तयार करतात, पुढे कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) विषय घेता येतात, एसएटी म्हणून कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते. भारतात परत आलोच तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आहे, चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. आणि हेच कायमचं असं आम्ही ठरवलेलं नाही. दर मे महिन्यात दोघांना विचारणार, शाळेत जायचंय का. इरा बहुतेक जाईल, तिला बस आवडायची.

आता काम. निनादला एकवीस-बावीस येतं पण एकोणसाठ आलं की तो फिफ्टी नाइन म्हणतो. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" केलं तेव्हा तुम्ही टीव्हीशी भांडला होतात ना, तर या आता, एकोणसाठ शिकवून दाखवा. पावकी-निमकी-पाऊणकी पण तुम्हीच घ्यायची, मला निमकीच्या पुढे येत नाही. तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ, नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की साडेआठ. आईच्या सिरियलची वेळ आहे, माहितीये, म्हणून फक्त मंगळवार. अकराही पोरं असतील. कोपऱ्यातली दोन बोलणार नाहीत, त्यांना उभं कसं करायचं ते तुम्हाला माहितीये.

मामेभाऊ पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर दोन अंकलिप्या पाठवा, जुन्या पद्धतीच्या, आणि माळ्यावर पितळेचं चिपटं आहे ते. मापटं नको, बॅगेत वजन होतं.

तुमची,
बेबी