ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,

नाव कुठेही छापू नका, अशी तुमची अट असल्यामुळे हे पत्र तुम्हाला नुसते ‘सर’ म्हणूनच लिहितो आहे. सिंदिया स्कूलमधून निवृत्त होऊनही तुम्ही आमच्यासाठी जी यातायात केलीत, तिचे आभार त्या दिवशी वडिलांना मानता आले नाहीत आणि मलाही धड मानता आले नाहीत.

आजोबा ‘सरदार स्कूल’मध्ये शिकले, हे वडील आयुष्यभर सांगत आले. माधवराव शिंदे महाराजांनी 1897 मध्ये ही शाळा काढली ती सरदार-जहागीरदारांच्या मुलांसाठी, आणि आमचे पणजोबा तर साधे कारकून! त्यामुळे नातेवाईक गालात हसत. ज्या एका इतिहासतज्ज्ञांकडे आम्ही मोठ्या आशेने गेलो, त्यांनी कागद न पाहताच ‘घरोघरी अशा दंतकथा असतात’ असे सुनावले आणि चहाही न विचारता वाटेला लावले. अन्य दोन ठिकाणचे अनुभव सांगण्याच्या लायकीचेही नाहीत.

तुम्ही मात्र आधी वडिलांचे सगळे ऐकून घेतलेत आणि मग दोन वाक्यांत गाठ सोडवलीत. 1933 मध्ये शाळेचे रूप पालटले, सरदारपुत्रांपुरती असलेली दारे इतरांनाही उघडली आणि नावही बदलून ‘सिंदिया स्कूल’ झाले. पण गावाच्या तोंडी जुने नाव रुळलेले असणारच, असे तुम्ही म्हणालात. संस्थापक महाराजांचे श्रेय मोठेच आहे, परंतु पिअर्स यांच्यासारखा प्राचार्य त्या काळात लाभला नसता, तर कारकुनाचा नातू आज किल्ल्यावर आपल्या बापाचा माग काढायला आलाच नसता. (हेच पिअर्स पुढे ऋषी व्हॅली शाळेचेही प्राचार्य झाले, हे मला तुमच्याकडूनच कळले.) राणोजी, जयाप्पा, महादजी अशी वसतिगृहांची नावे वाचताना वडिलांची मान जरा ताठ झाली होती, ती तुमच्याही नजरेतून सुटली नसेल.

पण माझ्या मनात घर करून राहिले आहे ते वेगळेच. विद्यार्थ्यांचा तो जुना समूहफोटो तुम्ही टेबलावर ठेवलात, तेव्हा मागे नावांची यादी होती आणि आजोबा कोणत्या रांगेत आहेत, हे तुम्ही आदल्या दिवशीच शोधून ठेवले होते. तरीही तुम्ही बोट ठेवले नाहीत. वडिलांच्या थरथरत्या हाताखाली भिंग धरून तुम्ही उभे राहिलात. मी मध्येच तोंड उघडले, तेव्हा नजरेनेच मला गप्प केलेत. वडील एकेका चेहऱ्यावरून सरकत तिसऱ्या रांगेशी आले आणि म्हणाले, “हे कान आमच्या घरातले.” मगच तुम्ही फोटो उलटा करून नाव दाखवलेत. बापाला ओळखण्याचा मान तुम्ही मुलाकडेच राहू दिलात. पदव्या आणि पदे मिरवणाऱ्यांकडे जे आढळले नाही, ते हे साधे सौजन्य.

निघताना तुम्ही आम्हाला अस्ताचलावर नेलेत, आणि मुले सूर्यास्ताला जिथे शांत बसतात तिथे वडीलही बसले. परतीच्या गाडीत मात्र ते अखंड बोलत होते.

आजोबांच्या शालेय वह्या आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. त्या शाळेच्या संग्रहाला द्याव्यात, असे वडिलांनी ठरवले आहे. त्या तुमच्याच हाती सोपवायच्या, असा त्यांचा हट्ट आहे. तेव्हा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा येतो आहोत. या खेपेस जेवण मात्र आमच्याकडून, आणि त्याला नकार चालणार नाही.

आपला कृतज्ञ,
एक पुणेकर, मूळचा ग्वाल्हेरचा