एका मताची अंगारकी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या ६ नोव्हेंबर २०२५ च्या अंकात न्यूयॉर्कचे नवे महापौर ममदानी यांना अर्धं पान दिलंत. द्या, माणूस बातमीचाच आहे. पण त्याच पानाच्या तळाशी, गिझरच्या जाहिरातीच्या डोक्यावर, आमच्या व्हर्जिनिया राज्याच्या निवडणुकीला तीन ओळी, आणि त्यांतही 'दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली'! दोन्ही कुठून आणलीत? राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, ४० जागांसाठी यंदा मतदानच नव्हतं. तिथे २०२३ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट २१, रिपब्लिकन १९ असं झालं. यंदा निवडणूक झाली ती हाउस ऑफ डेलिगेट्सच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, १०० जागांची, आणि डेमोक्रॅट ५१ वरून ६४ वर गेले. हे कमी वाटतं की काय, म्हणून वर 'किरकोळ प्रांतिक निवडणुका' असा शेराही मारलात.

किरकोळ? तर ऐका.

७ नोव्हेंबर २०१७. तेव्हा आम्ही न्यूपोर्ट न्यूज शहरात राहत होतो, हाउस ऑफ डेलिगेट्सचा मतदारसंघ ९४. वॉशिंग्टनमध्ये कुणाचीच निवड नसलेलं विषम वर्ष, त्यामुळे कचेरीत कुणी विषयही काढला नाही. मंगळवार होता आणि कालनिर्णयात अंगारकी. आमच्या सौ. उपवास असूनही सकाळीच मत देऊन आल्या होत्या. मला काम एकच, येताना नारळ आणायचा. पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्यात मिळाला, पण कानाशी धरून हलवला तर पाण्याचा आवाज नाही. तिसऱ्यातला घेतला आणि घरी पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मतदान सातला बंद. नारळ फोडला, तोही नासका निघाला. "दिलंत ना मत?" सौ.नी विचारलं. मी नारळाकडे बघत "हो" म्हणालो.

पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सी १० मतांनी पुढे. डिसेंबरात फेरमोजणी झाली आणि डेमोक्रॅट शेली सायमन्ड्स एका मताने विजयी. एका! दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली. दोन्ही नावांपुढचे गोल काळे केलेले आणि सायमन्ड्स यांच्या गोलावर तिरकी रेघ. ते मत यॅन्सी यांना धरलं गेलं. दोघांना ११,६०८. मग ४ जानेवारीला रिचमंडमध्ये दोघांची नावं फिल्म रोलच्या डब्यांत घालून, कलासंग्रहालयातून आणलेल्या मातीच्या भांड्यातून एक डबी उचलली. यॅन्सी निघाले. सभागृह ५१-४९ ने रिपब्लिकनांकडे राहिलं. दुसरी डबी हाताला लागली असती तर ५०-५०.

मी मत कुणाला देणार होतो ते विचारू नका. कुणालाही दिलं असतं तरी ते भांडं संग्रहालयातच राहिलं असतं.

आधी याच सभागृहात रिपब्लिकन ६६-३४ ने पुढे होते. तेवढं बहुमत असताना गरिबांच्या मेडिकेड आरोग्य विम्याचा विस्तार वर्षानुवर्षं अडवला गेला. ५१-४९ झाल्यावर काही रिपब्लिकनांचे सूर बदलले आणि २०१८ मध्ये तो मंजूर झाला. सुमारे चार लाख माणसांचा प्रश्न होता. याला आपण किरकोळ म्हणता.

त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल समसमान मतांमुळे चिठ्ठी टाकून लागला. एका नगरसेवकाच्या त्या चिठ्ठीची बातमी आपण चवीने छापली होती, कात्रण माझ्याकडे आहे. इथे अख्खं सभागृह डबीत होतं, तर एक ओळ नाही.

गझाला हाश्मी यांचा फोटो मात्र छापलात, कारण जन्म हैदराबादचा. त्या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या म्हणजे काय, हे सांगायला जागा उरली नसावी. सिनेटमध्ये मतं समसमान पडली की निर्णायक मत त्यांचं असतं. तिथे डबी लागत नाही.

जाता जाता, ई-पेपरमधलं शब्दकोडं मोठं करून पाहिलं की उभ्या शब्दांचा शेवटचा रकाना कापला जातो. हे मी मार्चमध्येही कळवलं होतं.

आपला,
एक वाचक, व्हर्जिनिया

(कृपया नाव छापू नये. घरी पेपर माझ्याआधी सौ. वाचतात.)