फिट आल्यावर घड्याळ बघा

महोदय,

मुलाला फिट आली की भोवतालचे लोक हातपाय दाबून धरतात, दातखीळ उघडायला चमचा घालतात. कृपया असे करू नका. दात तुटून तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जात नाही. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते, आणि घड्याळ बघा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटे उलटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला फवारा द्या, रुग्णालय गाठा.

पालकांना कळकळीने सांगणे आहे : झटके थांबले म्हणून गोळ्या स्वतःहून सोडू नका. साधारण २ वर्षे झटक्याविना गेल्यावर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात; एकदम बंद केल्यास न थांबणारा झटका येऊ शकतो. वजन वाढले की डोस तपासून घ्या.

– एक बालरोगतज्ज्ञ